बाळकृष्ण चमकला तो दिवस

ओढ्यातले किडे मोजणं हा माझा एम.एस्सी.चा विषय होता, आणि आईला तो शेजारी सांगायची लाज वाटायची. किडे म्हणजे प्राणिप्लवक, टिंबाएवढे, पाण्यात उड्या मारणारे. पाण्यात घाण वाढली की आधी हेच मरतात. शहराबाहेरच्या एका ओढ्यातून मी दोन बाटल्या भरून आणल्या. एक वरच्या अंगाची, शेताजवळची. दुसरी खालची, जिथे भांडी पॉलिश करणारे तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं पाणी सोडतात. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्या माझ्या गाईड मॅडमना दाखवायच्या होत्या, नाहीतर माझं वर्ष बुडत होतं.

राइट टाउनच्या आमच्या घरी बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि मी दुपारची जरा आडवी झाले. तेवढंच नडलं.

उठून बघते तर आई सिंकपाशी, जुन्या साडीच्या चार घड्या करून पहिली बाटली गाळतेय.

"आई, काय करून राहिली तू?"

"किडे वळवळून राहिले होते त्याच्यात. गाळून तुळशीला घातलं. असं पाणी काहून आणते गं तू?"

मी साडी हिसकावली, वाटीभर पाण्यात उलटी करून झटकली आणि भिंग लावलं. सगळे टुणटुण उड्या मारत होते. मॅडमच्या महागड्या जाळीतही इतके कधी सापडले नव्हते. मी आईचा पापाच घेतला.

मग दुसरी बाटली बघितली. अर्धी झाली होती.

"ती नितळ होती ना, मला वाटलं नर्मदाजीचं पाणी आणलं तू," आई म्हणाली. आमच्याकडे घाटावरचं पाणी अशाच जुन्या बाटल्यांतून येतं, तिला काय बोलणार? "मघाशी बाळकृष्णाला त्यानंच पुन्हा आंघोळ घातली. जा, बघ कसा चमकून राहिला."

खरंच चमकत होता. चिंच घासघासून पितळेला कधी आली नव्हती अशी चकाकी. मला हसू आवरेना, आणि बावळटासारखं मी खरं सांगून टाकलं: त्यात तेजाब आहे, एकही किडा जगत नाही.

आई हसली नाही. वाटीतल्या उड्या बघत राहिली.

"किड्यालाही नाही चाललं ते," ती म्हणाली, "आणि मी याला घातलं."

तिचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत तिनं बाळकृष्णाला चार आंघोळी घातल्या. पाचवीला म्हणाली, "कोमट पाणी दे. अंग चरचरत असेल त्याचं."

मी गीझर लावला.