आमच्या घरातले कोरडे कान

आमच्या घराण्यात आजवर कोणाचाही कान वाहिलेला नाही. आई हे वाक्य ताम्रपट वाचल्यासारखं म्हणते. घराणं म्हणजे मंगरूळपीरबाहेर दोन एकरांत वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावणारी आम्ही चार माणसं. एकमेकांना हाक दोनदा मारावी लागते, पण ती मोटरीच्या आवाजामुळे, असं ठरलेलं आहे.

त्यामुळे माझ्या पाच वर्षांच्या मुलीचा कान वर्षात चौथ्यांदा वाहू लागला, तेव्हा तपास लांबला नाही.

"हे धनजचं हाय," आई म्हणाली. धनज हे माझ्या बायकोचं माहेर.

"आई, माह्या माहेरी सगळ्याईचे कान चांगले हायेत."

"मंग पोरीले कोनं देल्लं? म्या?"

बायकोला दुसरीच काळजी होती. पोरगी टीव्हीला नाक लावून बसायची आणि वर्गात नाव घेतलं तरी वळत नाही, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. आईचा उपाय ठरलेला: दर रविवारी लसूण तळलेलं कोमट तेल, दोन्ही कानांत. माझं बालपणही त्याच तेलात गेलं.

शेवटी बायकोनं वाशिमच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला. आईही आली, साक्षीला.

"लहानपणी घरात कोणाचा कान वाहायचा?" बाईंनी विचारलं.

"कोनाचाच नाही," आई म्हणाली. "टाकलेलं तेल तेवढं आठ दिवसांनी बाहेर ये."

"पिवळं?"

"हो. चिकट. वास मारे."

बाईंनी हातातली बॅटरी खाली ठेवली. "आजी, ते तेल नव्हतं."

मग त्यांनी माझे कान पाहिले, आईचे पाहिले. माझ्या पडद्यावर जुने व्रण, आईच्या पडद्याला भोक. मुलीच्याही पडद्याला होतं, पण बारीक. कानापासून घशापर्यंत एक नळी जाते, त्यांनी सांगितलं. लहानपणी ती आखूड आणि आडवी असते, सर्दी झाली की जंतू सहज वर जातात. काही घरांत तिची ठेवणच पिढ्यान्‌पिढ्या तशी येते. दोष कोणाचाच नाही. तेल मात्र बंद, कान कोरडा ठेवा, हे थेंब घाला. भोक बुजलं तर ठीक, नाहीतर पुढे ऑपरेशन.

परतताना जीप शेलूबाजारला आली. तेव्हा आई सुनेला म्हणाली, "त्या बाटलीतलं तेल भाजीले घे. वाया कायले घालतं?"

दोन महिन्यांनी भोक बुजलं. पोरगी आता पहिल्या हाकेला वळते, मनात असलं तर. "कान आमच्यावर गेला," आई शेजारणीला सांगते, "म्हनून लवकर बरा झाला."

आईच्या पडद्याचं भोक तसंच आहे. ऑपरेशनला ती नाही म्हणाली. आंघोळीआधी बायको तिच्या कानात व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा बसवते.