मेहुण्याची चार खणांची पेटी

दिनांक ३ मार्च, बिलाची रक्कम ११,४६०. हा कागद माझ्या मेहुण्याने चहाच्या बशीखाली दाबून माझ्यापुढे सरकवला. त्याची ताई, म्हणजे माझी बायको, आत कणीक मळत होती.

"काय आहे हे?"

"पेटी. चाकांची."

"पेटीत काय?"

"काही नाही. रिकामी आहे."

"रिकाम्या पेटीचे साडेअकरा हजार?"

"भाऊजी, हळू. ताईचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत."

मेहुणा छप्पन वर्षांचा. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्याचं काम. गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही. मात्र दर शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये तो बँडबरोबर गिटार वाजवतो, आणि तिथे सगळे त्याला मास्तर म्हणतात. सव्वीस वर्षांत त्याने शनिवार चुकवल्याचं मला आठवत नाही. स्वतःच्या साखरपुड्यालाही तो पाचलाच उठून गेला होता.

आता तो शनिवारच हातून जायची वेळ आली होती. बँडच्या नव्या प्रमुखाने त्याला सांगितलं होतं, "मास्तर, स्टेज साडेसहाला ताब्यात मिळतं, पावणेसातला पहिलं गाणं. तुम्हाला वायरी जोडायलाच पाऊण तास लागतो. येत्या शनिवारी पंधरा मिनिटांत उभे राहा, नाहीतर मला दुसरा माणूस बघू द्या."

पाऊण तास लागायचा, हे खरं होतं. त्याची यंत्रं चार: गिटारचा आवाज बिनतारी पकडणारं एक, तो वाढवणारं दुसरं, त्यात घुमारा वगैरे भरणारं तिसरं, आणि या तिघांना वीज पुरवणारं चौथं, जे सगळ्यांत जड. ही चारही यंत्रं तीन पिशव्यांतून जायची आणि चौथ्या पिशवीत वायरींचा गुंता असायचा. ती पिशवी मी एकदा उघडून पाहिली होती आणि लगेच मिटली होती.

पेटीची कल्पना चांगली होती. चारही यंत्रं तिच्यात एकावर एक स्क्रूने पक्की करायची, मागच्या वायरी एकदाच जोडून ठेवायच्या. स्टेजवर गेल्यावर पुढचं-मागचं झाकण काढायचं, एक प्लग भिंतीत, एक वायर स्पीकरला. झालं.

"तुम्ही या मदतीला," तो म्हणाला. "तुमचा हात नीटनेटका आहे."

हे त्याने म्हणायला नको होतं, आणि मी ऐकायला नको होतं.

रविवारी त्याच्या बैठकीत सतरंजी टाकून बसलो. पहिला तास स्क्रूंनी खाल्ला. आयुष्यभर तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलणाऱ्या माणसाला हे बोटभर स्क्रू रांगडे वाटत होते. तो ते हळुवार फिरवी आणि ते निसटून कोचाखाली जात. शिवाय चार यंत्रांना चार-चार म्हणजे सोळा लागणार, आणि पेटीबरोबर आले होते बारा. दुकानात फोन केला तर म्हणे, बाराच येतात. तीन हार्डवेअरवाल्यांकडे गेलो. एकाकडे जाड होते, एकाकडे आखूड, तिसऱ्याने खिळा चालेल का विचारलं.

"तीन यंत्रं पक्की करू, चौथं नुसतं टेकवू," मेहुणा म्हणाला.

त्याने वीज देणारं धूड सगळ्यांत वर टेकवलं आणि पेटी ढकलली. उंबऱ्याला चाक अडलं, धूड पुढे सरकलं आणि माझ्या गुडघ्यावर आलं. सगळं काढून ते तळाला घेतलं, आणि सगळ्यांत हलकं वर टेकवलं. मग मागचं झाकण लागेना, कारण प्लग चार बोटं बाहेर. काटकोनात वळलेले प्लग मिळतात, ते आणण्यात मंगळवार गेला.

बुधवारी वायरी माझ्याकडे आल्या. चौतीस वर्षं मी हिशेबाच्या खात्यात काढली. सुटा कागद दिसला की माझा हात टाचणीकडे जातो. मी विजेच्या आणि आवाजाच्या सगळ्या वायरी सारख्या लांबीला आणल्या, त्यांची एकच सरळ जुडी केली आणि दर चार बोटांवर प्लास्टिकची पट्टी आवळली. टोकं कात्रीने साफ केली. प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी लावली. बायकोसुद्धा बघून म्हणाली, "याच्या घरातली ही पहिली वस्तू जी मी पाहुण्यांना दाखवेन."

मेहुण्याने जुडीवरून हात फिरवला. "सगळ्या एकत्र बांधल्या?"

"मग? फरफटत ठेवायच्या?"

त्याने मागचं झाकण लावून टाकलं. माझ्या कामावर त्याने शंका घेतली असती तर बरं झालं असतं. पण शेजारी आजारी होते, म्हणून घरी मोठ्याने वाजवून बघता आलं नाही. दिवे लागले, म्हणजे चालू आहे, असं मी ठरवलं.

शनिवारी मी घड्याळ घेऊन गेलो. साडेसहाला स्टेज मिळालं. झाकणं निघाली, प्लग लागला, वायर लागली. सात मिनिटं! मेहुण्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि आवाज वाढवला.

हॉलभर घूंऽऽऽ.

गिटारला हात न लावताच. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं. बँडप्रमुखाने मनगटाकडे पाहिलं. हॉलचा साऊंडवाला, पन्नाशीचा, शांतपणे पेटीमागे वाकला.

"ही जुडी कुणी बांधली?"

"आमच्या भाऊजींनी."

"बँकेत असतात का?"

"हिशेबाच्या खात्यात."

"तरीच. अहो, विजेची वायर आवाजाच्या वायरीला अशी चिकटवून बांधली की तिची घरघर हिच्यात शिरते. सुट्या टाकल्या असत्या तरी चाललं असतं."

म्हणजे चार पिशव्यांच्या गुंत्यात सव्वीस वर्षं जे आपोआप बरोबर होत होतं, ते मी एका बुधवारी बिघडवलं होतं. पट्ट्या कापायला वेळ नव्हता. माझ्या मोजणीने त्या बेचाळीस होत्या.

सहा चव्वेचाळीसला मेहुण्याने पेटीचा प्लग उपटला, गिटारची जुनी वायर आवाज स्वतःच वाढवणाऱ्या हॉलच्या स्पीकरला सरळ खुपसली आणि उभा राहिला. पेटी शेजारी छोट्या कपाटासारखी उभी होती. संध्याकाळभर तो तसाच वाजवत राहिला, घुमारा नाही, काही नाही.

मध्यंतरात प्रमुख आला. मी मान खाली घातली.

"मास्तर, आज मजा आली. स्वच्छ वाजलं. असंच या दर शनिवारी. एक गिटार, एक वायर."

बँडमधली जागा वाचली होती. मेहुणा त्याला हो म्हणाला आणि तो गेल्यावर बराच वेळ गिटारच्या खुंट्या पिळत बसला.

"सव्वीस वर्षं जमवलेलं सामान," तो शेवटी म्हणाला. "आणि त्याला कळलंसुद्धा नाही की नाहीये."

"घूं तर कळलं," मी म्हणालो.

"भाऊजी, तुम्ही आज बोलूच नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही बेचाळीसच्या बेचाळीस पट्ट्या कापल्या. विजेच्या वायरी डावीकडे, आवाजाच्या उजवीकडे. घूं गेलं. पेटी आता त्याच्या बैठकीत असते. शनिवारी तो एक गिटार आणि एक वायर घेऊन जातो, आणि आल्यावर अर्धा तास पेटीला जोडून एकटा वाजवतो. ताईने तिच्यावर कुंडी ठेवली होती, ती त्याने न बोलता उचलून खाली ठेवली.

चौथं यंत्रही आता पक्कं आहे. त्याचे चार स्क्रू त्या संध्याकाळी साऊंडवाल्याने स्वतःच्या पेटीतून काढून दिले होते, परतीच्या बोलीवर. ते अजून द्यायचे आहेत.