भंडाऱ्यातला घोडेस्वार

फौजदारांनी रुमालाची गाठ सोडली आणि नाणं माझ्या टेबलावर ठेवलं.

“मॅडम, आजच रिपोर्ट द्या, मला बंदोबस्ताला जायचंय. सोन्याचं आहे, फॉरेनचं आहे, एवढं लिहिलं तरी चालेल.”

“मग तुम्हीच लिहा की,” मी म्हटलं.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. शहर कधी चालू, कधी बंद. मी वस्तुसंग्रहालयात नाणी ओळखायच्या कामावर होते. जमिनीतून जुनं काही निघालं की ते कायद्यानं सरकारजमा होतं, आणि ते काय आहे हे आम्ही सांगायचं. चिकलठाण्याला तेव्हा रोज नव्या शेडचे पाये खणत होते, त्यामुळे आम्हाला कामाची ददात नव्हती.

हे नाणं तिथल्याच एका वॉचमनकडे सापडलं होतं. म्हाळू त्याचं नाव, धनगराच्या घरचा. सुपरवायझरनं म्हाळूच्या केबिनमध्ये काहीतरी चकाकताना पाहिलं आणि पायाच्या खड्ड्यातलं सोनं चोरल्याची तक्रार केली. म्हाळूला चौकीत बसवलं होतं. चोरी ठरली तर नोकरी जाणार आणि वर कोर्टकचेरी. त्याची आई ठकूबाई फौजदारांच्या मागोमाग येऊन आमच्या व्हरांड्यात बसली होती.

“बाई, त्यो आमचा खंडोबा हाय,” ती दारातूनच म्हणाली. “माझ्या सासऱ्यापासनं पूजतोय. मेंढरं घेऊन निघालं की भंडाऱ्याच्या पिशवीत देव संगं न्यायचा, ही आमची रीत. आता मेंढरं नाय राहिली, पर पोरगं कामावर जाताना देव नेतंय.”

“सापडले की सगळे असंच म्हणतात,” फौजदार म्हणाले.

मी भिंग लावलं. एका बाजूला बाईचा चेहरा. दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेला घोडेस्वार, घोड्याच्या पायाखाली जबडा वासलेला प्राणी. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक असतो, धातूच्या पत्र्यावर ठोकलेली मूर्ती. त्यातही देव घोड्यावर आणि दैत्य पायाखाली. ठकूबाईच्या सासऱ्याला खंडोबा दिसला यात नवल नव्हतं. मला कोण दिसावं ते मात्र कळेना. कडेला झिजकी इंग्रजी अक्षरं होती, ‘टू हॅनोव्हर’. नाण्यावर राजाचं नाव असतं, किंमत असते. एसटीच्या पाटीसारखं ‘हॅनोव्हरला’ असं कोण लिहील? कॅटलॉग चाळले, काही हाती लागलं नाही.

मग तराजू काढला. एवढ्या आकाराचं सोन्याचं नाणं याच्या जवळपास दुप्पट भरलं असतं.

“पितळ आहे,” मी सांगितलं.

“असू द्या. खणताना निघालेलं लपवलं, एवढं तरी खरं ना?”

कायद्यानं त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला राग आला. ही वस्तू काय आहे तेच मला ठाऊक नव्हतं, तर ती कुठून आली हे कोणत्या तोंडानं सांगणार? अशा वेळी मला एकच माणूस आठवायचा, सिटी चौकाजवळचे कादरचाचा. घड्याळं दुरुस्त करायचे आणि जुनी नाणी जमवायचे. मी फौजदारांनाच जीप काढायला लावली.

बाजार बंद होता. चाचांनी अर्धं शटर वर केलं, आम्हाला वाकून आत घेतलं आणि नाणं उजेडात धरलं.

“बेटी, ये सिक्काच नहीं है. गोरे साहब लोगां पत्ते खेलते थे ना, उसका टोकन है.”

मग त्यांनी सगळी कथा सांगितली. व्हिक्टोरिया इंग्लंडची राणी झाली. तोवर इंग्लंडचाच राजा परदेशातल्या हॅनोव्हरच्या गादीवरही असायचा, तिथं मात्र बाई चालत नव्हती, म्हणून तिथं तिचा काका राजा झाला. हा काका इंग्रजांना नकोसा होता. ‘जा एकदाचा हॅनोव्हरला’ अशी त्याची टिंगल करायला, त्याला घोड्यावर बसवून, हे बिल्ले काढले. पुढं तेच पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी मांडायला लागले. छावणीतल्या एखाद्या साहेबाकडून हा इकडे आला असावा, असा चाचांचा अंदाज.

“जमीन में था बोलते?” चाचांनी फौजदारांना विचारलं. “तो हरा किधर है?”

तिथं माझी ट्यूब पेटली. पितळ मातीत राहिलं की हिरवं पडतं. इथं अक्षरांच्या खाचांत हिरवं काहीच नव्हतं, पिवळं होतं. हळद, थरावर थर बसून दगड झालेली. झीजही घोडेस्वाराच्याच बाजूला. राणीचं नाक शाबूत होतं, स्वाराचं तोंड पुसून गेलं होतं. मी भिंग फौजदारांच्या हातात दिलं.

ते बराच वेळ बघत राहिले. “आमच्या आईनं घासून घासून आमचा टाक असाच गुळगुळीत केलाय,” ते म्हणाले. “लिहा मॅडम. मी सोडतो त्याला.”

म्हाळू सुटला, नोकरीही राहिली. त्या बंदच्या दिवशी चाचांनी शटर उचललं नसतं तर मी ‘परदेशी, अनोळखी’ असं लिहून मोकळी झाले असते. त्यांचे उपकार मी आजही मानते.

टोकन परत देताना मी अडखळले. देव म्हणून जे पुजलं ते जुगारातलं आहे, हे म्हातारीला कसं सांगायचं? पण खोटं बोलणं माझ्या धंद्यात बसत नाही. सगळं सांगितलं.

ठकूबाईनं टोकन कपाळाला लावलं.

“म्हंजी आमच्याकडं येण्याआधी देव साहेबाच्या जुगारात अडकला व्हता,” ती म्हणाली. “आमी सोडवला म्हनायचा.”

मी रिपोर्टमध्ये ‘पितळी टोकन, परदेशी, जमिनीतलं नव्हे’ एवढंच लिहिलं. त्या छापील चौकटीत त्याहून जास्त मावत नाही.