नर्सला पकडून देणारा माणूस

नळाला पाणी आलं त्या सकाळी मी कूलरच्या टाकीत बादल्या ओतत होतो. पाचव्या बादलीला पाय सरकला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. चिकलठाण्याच्या कारखान्यात मी गेली पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या मालात चुका काढत आलोय. घरी बसल्यावर चुका काढायला बायकोशिवाय कुणी उरलं नाही. चौथ्याच दिवशी तिनं पुण्याला लेकीला फोन लावला, "तुझ्या बाबांना काहीतरी उद्योग लावून दे बाई."

लेकीनं कुरिअरनं एक खोकं पाठवलं. पत्त्यांचा खेळ, तोही एकट्यानं खेळायचा.

"एकट्यानं पत्ते कोण खेळतं?" बायको म्हणाली. "हरवायचं कुणाला?"

"शत्रूला," मी पुस्तिका चाळून सांगितलं.

युरोपातल्या कुठल्याशा देशावर परक्या फौजेनं ताबा मिळवलाय, युद्ध चालू आहे आणि आपल्या हाताखाली छुपेपणानं लढणारी बारा साधी माणसं आहेत. बेकरीवाला, पोस्टमन, शाळामास्तर, छत्री घेतलेली एक म्हातारी, एक नर्स, अशी. प्रत्येकाचा एक पत्ता. माणूस लपूनछपून वापरला तर काम थोडं होतं, पण तो पुन्हा हातात येतो. उघडपणे वापरला तर मोठं काम होतं, पण शत्रू त्याला पकडतो आणि तो पत्ता बाद. इकडं शिपायांचे पत्ते साचत जातात. ते फार साचले की आपण हरलो.

पहिले नऊ डाव मी हरलो. दहाव्याला नर्स उघड केली आणि नदीवरचा पूल उडाला. मी टेबलावर अशी थाप मारली, की समोर गवार मोडत बसलेली बायको दचकली.

"काय झालं?"

"पूल उडवला!"

"आणि ही पोरगी? हिला बाजूला का ठेवलं?"

"ती पकडली गेली."

"कुणी पकडून दिली?"

"मीच. तसाच नियम आहे."

तिनं पत्ता उचलून चेहरा नीट पाहिला. "केवढीशी आहे. हिच्या घरी कोण असंल, काही विचार केला? पूल काय, पुन्हा बांधता येतो."

पुढचे तीन दिवस मी नर्सला रोज दोनदा पकडून दिलं, कारण तिच्याएवढा जोर दुसऱ्या कुणात नव्हताच. आमटीत मीठ कमी पडायला लागलं. चौथ्या दिवशी खोकं उघडलं तर माणसांचे पत्ते अकराच. नर्स नव्हती.

गादीखाली पाहिलं, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात पाहिलं, वॉकर सरकवत स्वयंपाकघरापर्यंत गेलो.

"नर्स कुठं आहे?"

"कोण नर्स?" तिनं पोळी उलटली.

"पत्ता. इथंच होता."

"मला काय माहीत? एकट्याचा खेळ ना तुमचा?"

मी आधी दटावून विचारलं, मग गोडीनं विचारलं. शेवटी लेकीला फोन करून आईला विचारायला लावलं. लेकीनं उलट मलाच झापलं, "बाबा, तुम्ही नेहमी नर्सलाच का देता? मास्तर द्या ना." म्हणजे दोघींचं आधीच बोलणं झालेलं होतं. शेवटी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी 'नर्स' लिहिलं आणि पत्त्याएवढा तुकडा कापला. तोही दुपारपर्यंत नाहीसा झाला.

त्याच आठवड्यात देवगाव रंगारीहून माझे सासरे मला बघायला आले. त्यांना आम्ही दोघंही आबा म्हणतो. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण पिशवीभर कैऱ्या स्वतः उचलून आणल्या. पायाची चौकशी आटोपली आणि ते टेबलाशी येऊन बसले. त्यांना आधी वाटलं रमी चाललीय. मी खेळ समजावून सांगितला तसे ते पुढं सरकले.

"मास्तरला नका पाठवू, पाव्हणं," ते म्हणाले. "मास्तर लई बोलतो. म्हातारीला पाठवा. म्हातारीला कोण इचारतं?"

"तुम्हाला बरंच माहीत आहे की, आबा."

"मला नसंल तर कुणाला? म्या केलंय हे काम."

बायको कैऱ्या धुवायच्या सोडून बाहेर आली. निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते, आबा सांगायला लागले. गावातली चार-पाच माणसं डोंगरात लपलेली. त्यांना भाकरी अन् निरोप गावातून जायचे.

"म्या सात-आठ वर्साचा व्हतो. मायनं भाकरीच्या घडीत चिठ्ठी घातली. म्हणली, डोंगरात नेऊन दे अन् मधी कुटं बसू नको."

"मग?"

"मधी बसलो. भूक लागली व्हती. भाकर खाल्ली."

"आणि चिठ्ठी?"

"ठेच्यात भिजली व्हती. कळलंच नाय."

बायको खुर्ची ओढून बसली.

"तसाच रिकाम्या हातानं गेलो. ते म्हणले, काय निरोप? आता मला काय ठावं? तोंडाला आलं ते सांगून टाकलं. माय इचारती, जेवलात का? समदे एकमेकाकडं बघाय लागले. भाकर आणली नाय अन् जेवलात का इचारतंय, म्हंजी ही खूण हाय! लई खल झाला. एक जण म्हणला, जागा सोडा असा अर्थ व्हतो. उचललं सामान अन् गेले पल्याडच्या डोंगरावर. दोन दिस पावसात भिजले."

"पण चिठ्ठीत होतं काय?" मी विचारलं.

"ते मायकडनं मागनं कळलं. मागच्या खेपेचा पितळी डबा धाडा, एवढंच."

"आणि आजीला तुम्ही सांगितलंच नाही?" बायको म्हणाली.

"कशाला सांगतोय! तिला वाटलं, डबा त्यांनीच दाबला. मरेपस्तोर त्यांच्या नावानं बोटं मोडली तिनं. आज पैल्यांदा बोललो."

बायकोला हसू आवरेना. पदरानं डोळे पुसत ती उठली आणि आत गेली. परत आली तेव्हा हातात नर्स होती, अंगावर गव्हाचा कोंडा. "कोठीत होती," ती म्हणाली. "आबांनीच कबूल केलं, तर मी तरी किती दिवस धरून बसू? पण डाव आबा खेळतील. तुम्ही नाही."

आबांनी तो डाव पाऊण तास खेळला. एकालाही उघड केलं नाही. बाराच्या बारा जण लपूनछपून किरकोळ कामं करत राहिले, शिपाई साचत गेले आणि आबा हरले.

"हरलात आबा," मी म्हणालो.

"आपलं कुणी सापडलं का?"

"नाही."

"मंग चहा टाका."

आबा गेले त्या दुपारी बायको पुस्तिका घेऊन बसली. मी आठवडाभर ज्या नियमांकडं बोट दाखवत होतो, ते तिनं पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचले. शेवटच्या पानावर ती थांबली.

"अहो, इथं लिहिलंय, तुरुंगाचं काम फत्ते केलं की पकडलेला एक माणूस परत हातात घ्यायचा."

"दाखव बघू."

दाखवलं. अक्षर बारीक होतं, पण होतं. मी ते पान उघडलंच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही पोरीला उगाच सडवत ठेवलं," ती म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. सात वाजता स्वतःच खोकं घेऊन टेबलाशी आली, पत्ते पिसले आणि मला म्हणाली, "शिपाई तुम्ही मांडा. माणसं माझी." पहिल्याच डावात तिनं तुरुंग फोडला. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते दोघांनाही कळलं नाही. भाताचा लगदा झाला होता, तो आम्ही कैरीच्या लोणच्याशी खाल्ला.