अर्ध्या कोयत्याची गोष्ट

नाटक बसवायला आलेल्या प्राध्यापकांनी फळ्यावर नायकाच्या प्रवासाचा मोठा गोल काढला आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही या प्रवासात नाही. तुम्ही म्हणजे वाट बघत बसलेलं गाव."

सगळे हसले. मी नाटकातली रिकामी घागर धरून उभी होते.

दुष्काळाचं साल. आमचे दोन बैल शिरूरजवळच्या चारा छावणीत होते. छावणी साखर कारखान्याची. कारखान्याच्या अध्यक्षांचा सत्कार होता, त्यांच्या आयुष्यावर नाटक बसवायचं होतं. छावणीतल्या बायांनी त्यात काम करायचं. नाही म्हटलं तर बैल बाहेर. असं कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. बैल गेले की ऊसतोडीची बैलगाडी गेली, हंगामाची कमाई गेली.

प्राध्यापक समजावत होते. थोर गोष्टीला एक नायक असतो. तो घर सोडतो. त्याला वाटाड्या भेटतो. तो संकटाशी झुंजतो आणि मोलाचं काही घेऊन परततो. अध्यक्षसाहेब शिकायला बाहेर गेले, विरोधकांशी लढले, कारखाना घेऊन आले. शेवटी मी त्यांच्या पाया पडून म्हणायचं, "साहेब, तुमी नसता तर आमी मेलो असतो."

मला प्रत्येक गोष्ट पडताळून बघायची सवय. गोलावरचा एकेक टप्पा मी माझ्याशी लावून पाहिला. वाटाड्या सोडला तर सगळे जुळले.

"सर, आमी बी घर सोडून जातो की. परत बी येतो."

"तुम्ही पोटासाठी जाता. नायक ध्येयासाठी जातो."

छावणीचा व्यवस्थापक तालीम बघत बसलेल्या माझ्या नवऱ्याकडं वळला. "सांग की बे बायकोला. अर्ध्या कोयत्याची कुठं गोष्ट असती का?"

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. नाव नवऱ्याचं. मागच्या हंगामात तो तापानं पडला, तेव्हा मी एकटीनं ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत भरल्या. मुकादमानं अख्ख्या कोयत्याचा खाडा लावला, दोघांची मजुरी कापली. एकटी बाई म्हणजे कामावर कुणीच नाही.

व्यवस्थापकाच्या बोलण्यावर नवराही हसला. ते लागलं.

सत्काराचा दिवस. समोर साहेब. मंडपामागं आमचे बैल चारा खाताना दिसत होते. माईक तोंडाशी आला. मी घागर खाली ठेवली.

"आमी मेलो नसतो. आमी दर साली जातो आन् जित्ते परत येतो. आमाला कुणी आणत न्हाई."

माईक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

दिवस मावळायच्या आत व्यवस्थापकानं आमचे बैल छावणीबाहेर काढले. माझ्या भावाच्या गावाकडं चालत निघालो. नवऱ्यानं बैलांचे कासरे धरले होते. चालता चालता म्हणाला, "मला लई भ्याव वाटायलंय."

"मला बी."

दोन बैलांतला एक पुढं चाऱ्यावाचून मेला. मी कुणावर ढकलत नाही. मी बोलले, त्याची ती किंमत.

पुढच्या हंगामासाठी मुकादम माणसं ठरवायला दारात आला, तेव्हा मीच पुढं झाले. 

"दोन माणसं येतील. दोन नावं लिव्हा. न्हाईतर दुसरीकडं बघा."

तो नवऱ्याकडं बघू लागला. मी मधे उभी राहिले. भ्यालेलीच होते. आजही भिते. पण अर्धी म्हणून मी आता कुठल्याही उसाच्या फडात पाय ठेवणार नाही.