उघडत नसेल तर फोन करा

आमच्या बियाण्याच्या कंपनीत बियाणं कमी आणि किस्से जास्त निघतात. पोती निदान हंगाम सरला की गोदामातून हलतात, किस्से हलत नाहीत, साठतच जातात. त्यातले अर्धे आमच्या साईटचे आहेत. साईट म्हणजे कंपनीच्या माणसांपुरती वेबसाईट. सूचना, रजेचे अर्ज, गाड्यांचं वेळापत्रक, सगळं तिच्यावर. ती मी सांभाळते. शिक्षण बी.कॉम., कोडिंग शून्य!

*

माझ्याकडे ती आली कशी, ते ऐका. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून जालन्याला मेल आला, की प्रत्येक शाखेनं आपली साईट आपणच बनवावी, प्रोग्रामर लागत नाही. साहेबांनी मेल दोनदा वाचला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. मी डिस्पॅचच्या बिल्ट्या, म्हणजे ट्रकनं गेलेल्या मालाच्या पावत्या, फाईलला लावत होते.

"वैशालीताई, दिवाळीत गेटवर रांगोळी तुम्हीच काढता ना?"

हो म्हटलं.

"मग ही पण तुम्हीच काढा. चौकोन आखायचे, रंग भरायचे."

खोटं नव्हतं ते. बाजूचा चौकोन ओढून पानावर सोडायचा आणि आत सूचना टाकायची, झालं. पहिल्या दिवशी मी इतके रंग भरले, की साहेब म्हणाले, ताई, ही तर होळी झाली.

मेलच्या शेवटी एक ओळ होती. वर्षभरात माणसं साईट वापरताना दिसली नाहीत, तर ती शाखेकडून काढून एजन्सीला देणार. आधी मी ती मनावर घेतली नाही. पण इतकी वर्षं बिल्ट्या लावल्यावर पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातून तयार झालं होतं. ते जाऊ नये असं फार वाटायला लागलं.

*

अकाउंट्सचे लोखंडेकाका रोज सकाळी साईटचं पहिलं पान प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावायचे. लाईट गेली तर सूचना कुठं वाचायची, हा त्यांचा सवाल. जुन्या रिवाजाप्रमाणे माणसं त्याखाली 'वाचले' लिहून सही करायची. साईट मात्र कोणी उघडायचं नाही.

मी हात जोडले. काका, तुमच्या बोर्डापायी माझी साईट जाईल. काकांनी दुसऱ्याच दिवशी प्रिंट बंद केली आणि सगळ्यांना बजावलं, की यापुढं सही साईटवरच करायची. तेव्हापासून प्रत्येक सूचनेखाली कॉमेंट यायला लागल्या: वाचले, आणि खाली नाव.

गोदामातल्या पवारांचा वाढदिवस आला. मी शुभेच्छांचं पान केलं, फुलं टाकली, फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत त्याखाली सगळ्या शाखेनं लिहिलं, वाचले. सगळ्यात शेवटी खुद्द पवारांनीही लिहिलं, वाचले!

*

पुण्याचे लोक मोजत होते अंगठे, म्हणजे लाईक. आमच्या सूचनांना महिनोन्महिने एकही नाही. शहागडचे आमचे फील्ड ऑफिसर खरातभाऊ, त्यांना मी विचारलं, भाऊ, सूचना आवडत नाहीत का?

"आवडून राह्यल्या ना ताई. पन साहेबांनी अजून अंगठा दाबला न्हाई. पंगतीत मोठ्या मान्सानं घास घेतल्याबिगर कोनी जेवतं का?"

मी साहेबांकडे गेले. ते संकोचले. सूचना माझीच, मीच तिला चांगली कसं म्हणू, म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी दाराकडं एकदा पाहिलं आणि दाबला बाई अंगठा. दुपारच्या डब्यापर्यंत सगळी शाखा दाबून मोकळी झाली, तीही हुद्द्याप्रमाणे. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं, हे मी देवापुढंही बोलले.

*

एकदा पगाराची पानं कोणाला दिसावीत हे ठरवत बसले होते. नको ती नावं काढता काढता स्वतःचं नावही काढून टाकलं. साईट म्हणाली, तुम्हाला परवानगी नाही, मालकाकडे मागा. मागितली. लगेच मलाच मेल आला, की वैशाली यांनी परवानगी मागितली आहे, द्यायची का? मी खुशीत 'द्या' दाबलं. उत्तर आलं, की परवानगी देण्याची तुम्हाला परवानगी नाही.

पुण्याच्या आयटीतल्या एका दादांना फोन लावला. त्यांना मी आजवर पाहिलेलं नाही. ते पोटभर हसले, मला आत घेतलं आणि म्हणाले, ताई, माझ्याकडूनही झालंय असं. खरं की माझं मन राखायला, माहीत नाही. वर कोणाला त्यांनी सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

*

वर्ष सरलं. पुण्याहून मोठे सर आले, सोबत एजन्सीचा माणूस. फील्डची सगळी माणसं मीटिंगला बोलावली होती. एजन्सीच्या माणसानं आधी स्वतःची चकचकीत साईट दाखवली, मग माझी उघडून एकेक चूक काढायला लागला. रंग भडक, चौकोन वाकडेतिकडे. मग त्यानं पहिल्या पानावरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं. 'साईट उघडत नसेल तर वैशालीताईंना फोन करा', आणि खाली माझा नंबर.

"साईट उघडलीच नाही, तर हा नंबर दिसणार कसा?"

तो हसला, सरही हसले. माझी मान खाली गेली. साईट गेली, हे मी समजून चुकले.

"ताईंचा नंबर पाठ हाय ना सगळ्यांला," खरातभाऊ मागून म्हणाले. मग उठून उभे राहिले. "तुमची साईट अडली तं कोनाला फोन लावायचा?"

त्यानं हेल्पलाईनचा नंबर सांगितला. खरातभाऊंनी तिथंच तो लावला आणि फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला. आधी एक दाबा, दोन दाबा झालं, मग संगीत सुरू झालं. चहा आला, चहा पिऊन झाला, संगीत चालूच.

शेवटी सरांनीच हात पुढं करून तो फोन कट केला. मग पडद्यावरच्या माझ्या नंबराकडं बघत स्वतःचा मोबाईल काढला.

माझ्या पर्समध्ये रिंग वाजली. मान खालीच होती. फील्डवरून दिवसभर फोन येतात, त्यामुळं नंबर न बघता उचलायची सवय, तसा उचलला.

"हां, बोला भाऊ, काय उघडून न्हाई राह्यलं?"

टेबलाच्या पलीकडून सर म्हणाले, "काही नाही ताई. चालू ठेवा."