अळूच्या पानांवरचे डाग

इंदुरीच्या रस्त्याकडेला एक मावशी अळूची पानं विकायला बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक पान त्या उलटसुलट करून बघायच्या आणि पदरानं अलगद पुसायच्या.

गेल्या श्रावणात गेले, तर टोपलीतल्या पानापानावर तपकिरी, जळके डाग होते. कुठंकुठं भोकंही पडलेली. लोक वाकून बघत आणि पुढं जात. मला वाईट वाटलं. म्हटलं, "मावशी, सगळी द्या. डाग कापून वड्या करीन."

"इकायची न्हाईत, ताई. दाखवायला आनलीत."

टेकडीपलीकडच्या कारखान्याच्या भट्ट्यांच्या धुराकडे त्यांनी हात केला. "त्यो धूर पावसासंगं खाली येतो आन् पानं जाळतो. माती बी आंबलीय. चुना टाकून बगितला, तरी न्हाई सुधरली. घरात बसून रडले तर कुनाला कळनार?"

जो थांबेल त्याच्या हातात त्या पान ठेवायच्या आणि उजेडाकडे धरायला सांगायच्या. कुणी हसलं तरी रागवायच्या नाहीत. माझ्या पैशांपेक्षा त्यांना माझे डोळे हवे होते, हे मला तिथं उभ्याउभ्या उमगलं. मीही एक पान उजेडाकडे धरलं.

शेजारी पालक विकणारी बाई बसली होती. मग तिनं आपल्या जुड्या सोडल्या, आत दडवलेली डागाळलेली पानं वेचून काढली आणि मावशींच्या टोपलीत आणून ठेवली.

"माजी बी दाखवा," ती म्हणाली.